मधुमेहीचे दृष्टिपटल : देशोदेशीचे आकडे आणि आपला दवाखाना

चैत्रातील गोष्ट आहे. वसंतातील वमनासाठी आमच्याकडे येणाऱ्या मंडळींत त्या वर्षी ५२ वर्षांचे एक शिक्षक होते. मधुमेह १४ वर्षांचा. देह किंचित स्थूल, बल उत्तम, अग्नी मंद आणि कफदुष्टीची लक्षणे स्पष्ट. रक्तशर्करा गोळ्यांनी व पथ्याने बऱ्यापैकी आटोक्यात असल्याचे ते सांगत. नाडी, जिव्हा, मूत्र, रक्तदाब, हृदय असे सारे आम्ही पाहिले. डोळ्यांविषयी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "डॉक्टर, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरातसुद्धा वाचतो मी. चष्म्याचा नंबर दीड वर्षापूर्वीच तपासलाय." आम्ही पुढे काही विचारले नाही.

स्नेहन-स्वेदन यथाविधी पार पडले. वमनाच्या पाचव्या वेगानंतर उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगत आहेत, असे त्यांनी सांगितले. घटकाभरात त्या धाग्यांचा तांबूस पडदा झाला. नेत्रतज्ज्ञांनी त्याच दिवशी दोन्ही डोळे तपासले. दोन्ही दृष्टिपटलांवर नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढलेले होते आणि उजव्या डोळ्यातील एक वाहिनी फुटून डोळ्याच्या आतील पारदर्शक द्रवात रक्त उतरले होते. डाव्या डोळ्यावर लेझरचे उपचार वेळेत झाले, तो वाचला. उजव्यावर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. त्या डोळ्याने आज त्यांना माणूस ओळखता येतो, अक्षर वाचता येत नाही.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमनास अयोग्य अशा रोग्यांची गणना आहे, तशीच ती अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातही आहे. दोन्ही ठिकाणी तिमिराच्या रोग्याचा उल्लेख आहे. आणि अशा रोग्यास वमन दिल्यास तिमिर अतिशय वाढते, हे कारणही चरकाने दिले आहे. हे आम्हांस पाठ होते, विद्यार्थ्यांना आम्ही ते शिकवतही होतो. तरीही पाठांतर कामास आले नाही. कारण समोरच्या माणसास तिमिर आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि त्यासही नव्हते. ते ठाऊक करून घेण्याची सोय गावात होती. आम्ही ती वापरली नाही.

या घटनेनंतर मधुमेहजन्य दृष्टिपटलविकाराविषयी जे वाचले, पाहिले व पडताळले, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधालय चालविणाऱ्या सभासदांपुढे मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विशेषतः 'आपल्या लोकांत हा विकार कमी असतो' ही समजूत आपल्या व्यवसायात वारंवार ऐकू येते. ती कितपत खरी आहे, हे आकड्यांच्या आधारे तपासून पाहू.

दिसते आहे, म्हणून डोळा निरोगी नव्हे

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीवरील प्रकाशग्राही पडदा. रुग्ण त्याला नुसते 'पडदा' म्हणतात. दीर्घकाळ वाढलेल्या शर्करेने त्यातील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. प्रथम त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे येतात, मग त्यांतून द्रव व स्निग्ध अंश झिरपतो, लहान रक्तस्राव होतात. पुढे काही वाहिन्या बंद पडतात. रक्तपुरवठा तुटलेला भाग नव्या वाहिन्यांची मागणी करणारी द्रव्ये सोडतो आणि त्या मागणीने नव्या वाहिन्या उगवतात. पण त्या इतक्या नाजूक असतात की एखाद्या जोराच्या खोकल्याने, कुंथण्याने वा उलटीनेही फुटू शकतात. त्यांच्याबरोबर वाढणारे तंतू आकसले की पडदा आपल्या जागेवरून ओढला जातो. याखेरीज कोणत्याही अवस्थेत पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे पीतबिंदूत, सूज येऊ शकते. वाचनाची दृष्टी जाते ती बहुधा या सुजेमुळे.

यात ध्यानी धरण्याची गोष्ट एकच. पीतबिंदू सुजेपर्यंत किंवा नवी वाहिनी फुटेपर्यंत रुग्णाला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, अक्षरही पुसट होत नाही. म्हणून चष्म्याच्या दुकानातील अक्षरांचा तक्ता या रोगाचा निर्णय करू शकत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदाच पाहावा लागतो, किंवा कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्यावे लागते.

सुश्रुताने उत्तरतंत्रात दृष्टिगत रोगांचे वर्णन करताना दोष दुसऱ्या पटलात गेल्यावर रुग्णास माशा, डास, केस, जाळी यांसारखे आकार दिसू लागतात, असे म्हटले आहे. काचद्रवात रक्त उतरलेल्या रुग्णाची तक्रार ऐकताना या वर्णनाची आठवण होते. मात्र प्राचीन 'तिमिर' आणि आजचा 'रेटिनोपॅथी' हा शब्द एकमेकांवर तंतोतंत बसवू नयेत. तिमिरात अनेक विकारांचा अंतर्भाव होतो, आणि जिवंत माणसाचा पडदा पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये तयार करीपर्यंत जगातील कोणत्याही वैद्याजवळ नव्हते. ते साधन हाती आल्यावर काही वर्षांतच व्हिएन्नातील एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पीतबिंदूतील बदलांची नोंद केली. तरी पुढील अर्धशतक हा विकार दुर्मीळच राहिला. इन्शुलिनपूर्व काळात, म्हणजे १९२२ पर्यंत, तीव्र मधुमेहाचे तरुण रुग्ण डोळे बिघडण्याइतके जगतच नसत. आयुष्य वाढले तसा हा उपद्रवही वाढला.

आज 'मधुमेह' कोणास म्हणावे याची मर्यादाही या पडद्यानेच ठरविली आहे. उपाशीपोटी रक्तशर्करेची निदानरेषा १९९७ मध्ये १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणली गेली. त्यासाठी अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील पिमा आदिवासी, इजिप्तमधील लोक आणि अमेरिकेतील सर्वसाधारण लोक अशा तीन समूहांच्या पाहण्या आधारास घेतल्या होत्या. कोणत्या शर्करेपुढे दृष्टिपटलविकार झपाट्याने वाढू लागतो, हे त्यांत पाहिले गेले. समूह तीन, आहारविहार निराळे, वंश निराळे; तरी विकाराची चढण साधारण एकाच टप्प्यावर सुरू होत होती. लोकसमूहांतील फरकांचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी.

आकड्यांचा पहिला अर्थ

जगभरातील ३५ पाहण्या आणि सुमारे २३ हजार मधुमेही एकत्र घेऊन केलेला मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर १०० मधुमेहींमागे सुमारे ३५ जणांत कोणत्या ना कोणत्या अवस्थेतील दृष्टिपटलविकार आढळला आणि सुमारे १० जणांत तो दृष्टीस धोका पोहोचविणारा होता. वंशवार पाहता प्रमाण आफ्रिकी-अमेरिकी लोकांत सर्वाधिक आणि आशियाई लोकांत सर्वांत कमी होते.

भारतातील पाहण्याही वरवर हेच सांगतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नई शहरातील पाहणीत प्रमाण १७.६ टक्के होते. त्याच शहरात शंकर नेत्रालयाच्या पाहणीत ते १८ टक्के निघाले. अखिल भारतीय नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या २०१४ मधील तपासणीत ते २१.७ टक्के होते, तर २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील मधुमेहींत १६.९ टक्के. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशातील पाहणीत चाळिशीपुढील मधुमेहींत १२.५ टक्के प्रमाण आढळले. म्हणजे जगात ३५, आपल्याकडे १२ ते २२. 'आपल्या लोकांत कमी' ही समजूत इथूनच जन्मास येते.

समजुतीस पहिला तडा

आता तेच लोक दुसऱ्या देशात पाहू. सिंगापूरमधील भारतीय वंशाच्या लोकांत तमिळ पूर्वजांची संख्या मोठी आहे. तेथे चिनी, मलय व भारतीय या तिन्ही समाजांची नेत्रपाहणी एकाच पद्धतीने झाली. मधुमेहींमध्ये दृष्टिपटलविकाराचे प्रमाण चिनी लोकांत २६.२, मलयांत २५.५ आणि भारतीयांत ३०.७ टक्के निघाले. भारतीय तिथे सर्वांत वर होते.

इंग्लंडमधील दृष्टिपटल-तपासणी केंद्रांत आलेल्या मधुमेहींची वंशवार आकडेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांत विकाराचे प्रमाण गोऱ्या युरोपीयांत ३८.०, दक्षिण आशियाई लोकांत ४२.३ आणि आफ्रिकी व कॅरिबियन वंशाच्या लोकांत ५२.४ टक्के होते. दृष्टीस धोका पोहोचविणाऱ्या अवस्थेतील अंतर याहून बोलके आहे. गोऱ्यांत ५.५ टक्के, तर दक्षिण आशियाई लोकांत १०.३ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

चेन्नईत १८, सिंगापुरात ३१, इंग्लंडात ४२. केवळ बीज हे निर्णायक असते तर समुद्र ओलांडल्याने आकडा असा चढला नसता. मग चढतो कशाने?

देशापेक्षा काल बलवान

पहिले व सर्वांत मोठे कारण म्हणजे रोगाचा काल. उपरोक्त जागतिक अभ्यासात मधुमेह होऊन दहा वर्षांहून कमी काळ झालेल्यांत विकार २१ टक्के होता. वीस वर्षे वा अधिक झालेल्यांत ७६ टक्के. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात १९८० च्या सुमारास झालेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणपणी मधुमेह झालेल्या ज्या रुग्णांना १५ वर्षे उलटली होती, त्यांपैकी ९७ टक्क्यांहून अधिकांच्या पडद्यावर रोगाच्या खुणा होत्या. वंशावंशांतील अंतर मोजले तर ते दहा-वीस टक्क्यांचे भरते; दहा वर्षे आणि वीस वर्षे यांतील अंतर पन्नासाहून अधिक टक्क्यांचे आहे.

दुसरे कारण शर्करेची दीर्घकालीन पातळी. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी तपासणी ७ किंवा त्याखाली असलेल्यांत विकार १८ टक्के, ९ च्या वर असलेल्यांत ५१ टक्के. तिसरे कारण रक्तदाब. अमेरिकेतील २००५ ते २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत कृष्णवर्णीय मधुमेहींत विकार ३८.८ आणि गोऱ्यांत २६.४ टक्के होता. पण विकाराशी स्वतंत्र संबंध कशाचा, हे पाहता पुढे आल्या त्या गोष्टी अशा : पुरुष असणे, वाढलेली एचबीएवनसी, रोगाचा दीर्घ काल, इन्शुलिनची गरज आणि वरचा रक्तदाब. वंशाच्या नावाखाली जे मोजले जाते त्यात पुष्कळदा गरिबी, उशिरा झालेले निदान आणि अपुरे उपचार दडलेले असतात.

या दृष्टीने आपल्याकडील कमी आकड्याकडे पाहावे. चेन्नईच्या पाहणीत मधुमेह आधीच ठाऊक असलेल्यांत विकार २०.८ टक्के होता आणि पाहणीतच नव्याने सापडलेल्या मधुमेहींत ५.१ टक्के. घरोघरी जाऊन तपासले की नवे रुग्ण मोठ्या संख्येने सापडतात आणि त्यांच्यामुळे सरासरी खाली येते. आपला आकडा कमी आहे तो काही अंशी यामुळे. आपले मधुमेही अजून रोगाने 'तरुण' आहेत. शिवाय प्रत्येक पाहणीचे वयोगट व छायाचित्रणाची पद्धत निराळी असल्याने दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना सावधगिरी हवी. एकाच पद्धतीने, एकाच छताखाली तुलना केली तेव्हा भारतीय खाली राहिले नाहीत, हे सिंगापूरने व इंग्लंडने दाखविले.

बीजाचा वाटा शून्य आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. एकाच घरातील मधुमेही भावंडांत तीव्र दृष्टिपटलविकार एकत्र आढळण्याकडे कल असतो, हे अमेरिकेत दिसले आहे आणि चेन्नईतही. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले. रोग बीजातून येतो आणि आचरणातूनही येतो, हा विचार उपद्रवांनाही लागू पडतो. फरक इतकाच की बीज आपल्या हाती नाही. काल ओळखणे, शर्करा व रक्तदाब राखणे आणि पडदा पाहणे हे हाती आहे.

येणारी वीस वर्षे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. प्रौढांतील प्रमाण देशात ११.४ टक्के, उत्तर प्रदेशात ते सर्वांत कमी, ४.८ टक्के, आणि शेजारच्या गोव्यात सर्वांत अधिक, २६.४ टक्के. गोव्यातील आपल्या सभासदांच्या दवाखान्यात येणारा दर चौथा प्रौढ मधुमेही असू शकतो.

आपल्याकडे मधुमेह युरोपीयांच्या मानाने सुमारे दहा वर्षे लवकर येतो. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की भारतीय बालक वजनाने कमी असूनही शरीरातील मेदाचे प्रमाण जपून जन्मास येते. बाहेरून कृश, आतून मेदोयुक्त असा हा देह पुढे मध्यम वजनातही मधुमेहाला बळी पडतो. पस्तिशीत मधुमेह झालेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी, ऐन कमावत्या वयात, रोगाची वीस वर्षे पूर्ण करतो. आज सर्वेक्षणांत 'नवा रुग्ण' म्हणून सरासरी खाली आणणारे लाखो लोक येत्या दोन दशकांत त्या ७६ टक्क्यांच्या गटाकडे सरकणार आहेत. टक्केवारी कमी असली तरी संख्या आजच मोठी आहे : चाळिशीपुढील सुमारे ३० लाख भारतीयांची दृष्टी या विकाराने धोक्यात आहे, असा २०२२ च्या अभ्यासाचा अंदाज आहे.

राष्ट्रीय सर्वेक्षणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब तर निराळीच आहे. सुमारे दहापैकी नऊ मधुमेहींचा पडदा कधीच तपासला गेला नव्हता. या नऊ जणांपैकी पुष्कळजण आपल्याकडे येऊन गेलेले असणार.

अंधत्व टळते, याचा पुरावा

इंग्लंडमध्ये २००३ पासून प्रत्येक मधुमेहीच्या पडद्याचे नियमित छायाचित्र घेण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात दिसून आले की २००९-१० मध्ये, किमान पाच दशकांत प्रथमच, कमावत्या वयातील नोंदणीकृत अंधत्वाचे पहिले कारण मधुमेह हे राहिले नव्हते. ज्या देशात दक्षिण आशियाई मधुमेहींत विकार ४२ टक्के आढळतो, त्याच देशात हे घडले. विकाराचे प्रमाण आणि अंधत्वाचे प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोहोंच्या मध्ये वेळेवर केलेली तपासणी उभी असते.

शर्करेच्या नियंत्रणाचा लाभही निःसंशय आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या चाचणीत काटेकोर नियंत्रणाने विकाराचा आरंभ होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ब्रिटनमधील १९९८ च्या चाचणीत रक्तदाब कसोशीने राखल्याने विकार बळावण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. नव्या वाहिन्यांवर लेझर केल्याने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे १९७६ मध्येच सिद्ध झाले. पीतबिंदूच्या सुजेसाठी आज डोळ्यात द्यावयाची इंजेक्शनेही उपलब्ध आहेत.

येथे एक सूचना आवश्यक आहे. फार दिवस बेफाम असलेली शर्करा एकाएकी खाली आणली तर आरंभीच्या काही महिन्यांत पडद्याचा विकार तात्पुरता बळावू शकतो. १९९३ च्या चाचणीतही पहिल्या वर्षी हा अनुभव आला. दूरचा लाभ त्यामुळे कमी होत नाही. तरीही ज्याची एचबीएवनसी १० किंवा ११ आहे, त्यास कडक लंघन व तीव्र चिकित्सा सुरू करण्यापूर्वी पडदा पाहून घ्यावा.

चिकित्सकांसाठी

आमच्या अनुभवावरून व वाचनावरून पुढील आचरण आम्ही स्वीकारले आहे.

१. टाइप-२ मधुमेहाचे निदान झाले त्याच महिन्यात पडद्याची तपासणी आणि नंतर दरवर्षी. निदान होण्याआधी रोग किती वर्षे अंगी होता, हे कोणास ठाऊक नसते. टाइप-१ मध्ये रोगारंभापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी.

२. आधीपासून मधुमेह असलेली स्त्री गर्भवती राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांत तपासणी व नंतर नेत्रतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे. गर्भावस्थेत हा विकार वेगाने वाढू शकतो.

३. पाच वर्षांहून जुन्या मधुमेहीस वमन, शीर्षासन, सर्वांगासन, जोराची कपालभाती वा भस्त्रिका सांगण्यापूर्वी पडद्याचा अहवाल पाहणे. नव्या वाहिन्या किंवा ताजा रक्तस्राव असल्यास हे सर्व वर्ज्य. मलावरोध राहू न देणे, कारण कुंथण्याचा ताणही तोच अपाय करतो.

४. मूत्रातून प्रथिने जात असतील, पांडुता असेल वा रक्तदाब वाढलेला असेल, तर डोळ्यांचा धोका वाढलेला समजावा. भावंडांपैकी कोणाची दृष्टी मधुमेहाने गेली आहे का, हे विचारावे.

५. नजरेसमोर अचानक काळे ठिपके, धागे वा पडदा येणे, सरळ रेषा वाकडी दिसणे, ही लक्षणे असता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. अशा वेळी तर्पण, अंजन वा नस्य करून 'काही दिवस पाहू' म्हणणे हा अपराध ठरेल.

आपल्या शास्त्राचे स्थान यात कोठे, असा प्रश्न कोणी करील. प्रमेहाची पथ्यव्यवस्था, व्यायाम, निद्रा, जव-मुगासारखा आहार आणि रुग्णास वर्षानुवर्षे नियमात ठेवण्याची वैद्याची हातोटी, यांनी शर्करा व रक्तदाब राखले जातात. म्हणजे विकाराच्या मुळाशीच आपले काम आहे. त्रिफळा घृत, सप्तामृत लोह यांसारखे योग परंपरेने नेत्रविकारांत दिले जातात व ते देणाऱ्यांस आमचा विरोध नाही. पण पडद्यावर उगवलेल्या नव्या वाहिन्या या योगांनी मावळतात, असा भरवशाचा पुरावा नाही. म्हणून ते लेझर वा इंजेक्शनच्या जागी देऊ नयेत आणि त्यांच्यासाठी एक आठवडाही दवडू नये. असाध्यतेकडे जाणारी अवस्था ओळखून योग्य हाती सोपविणे हेही वैद्याचे कौशल्यच आहे.

औषधालय चालविणाऱ्यांसाठी

मधुमेही माणूस वैद्याकडे तीन महिन्यांनी येतो, औषधालयात दर महिन्यास येतो. त्यामुळे औषधविक्रेत्याचा एक प्रश्न आमच्या उपदेशाहून अधिक फळ देऊ शकतो. मधुमेहाची औषधे, चूर्णे वा शर्करा मोजण्याच्या पट्ट्या घेणाऱ्या ग्राहकास विचारावे, "काका, डोळ्यांचा पडदा यंदा तपासलात का?" 'चष्म्याचा नंबर तपासला' हे उत्तर पुरेसे नाही, हेही तेथेच समजावून सांगावे. तपासणीच्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, म्हणून वाहन चालवत जाऊ नये व सोबत कोणास तरी न्यावे, इतकी माहिती दिली तरी माणूस अर्धी भीती सोडतो.

'अंधुक दिसते, काहीतरी थेंब द्या' असे मधुमेही ग्राहक म्हणाला तर थेंब देऊन वाट लावू नये. स्टिरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीवाचून देणे तर सर्वथा वर्ज्य; त्यांनी डोळ्यातील दाब वाढून निराळेच संकट ओढवते. तसेच 'मधुमेह मुळापासून बरा', 'चष्मा उतरवा', 'मोतीबिंदू विरघळवा' असल्या जाहिरातींचे फलक दुकानात लावण्याआधी १९५४ चा औषधी व जादुई उपाय कायदा आठवावा. ज्या रोगांच्या उपचाराची जाहिरात त्याने निषिद्ध ठरविली, त्यांत मधुमेह, मोतीबिंदू, काचबिंदू आणि अंधत्व ही चारही नावे आहेत.

शेवटी

ते शिक्षक आजही आमच्याकडे येतात. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित मन हलके झाले असते. त्यांच्याच आग्रहाने आम्ही त्यांच्या धाकट्या मधुमेही बंधूंचा पडदा तपासून घेतला. तेथे विकाराची पहिली पायरी आढळली. नजर पूर्ण स्वच्छ होती. गेल्या काही वर्षांत त्यांची शर्करा व रक्तदाब मर्यादेत आहे आणि पडद्याची स्थिती जैसे थे आहे. एकाच घरात, एकाच बीजातून आलेल्या दोघांपैकी एकाचा डोळा गेला आणि एकाचा राहिला, तो केवळ वेळीच पाहिल्यामुळे.

आमच्या केसपेपरवर आता नाडी व रक्तदाबाच्या खाली एक रकाना छापलेला आहे : 'दृष्टिपटल तपासणी, दिनांक'. तो रिकामा असेल तर मधुमेहीस शोधनाची तारीख मिळत नाही. येत्या वसंतापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील नेत्रतज्ज्ञांच्या साहाय्याने मधुमेहींसाठी एक तपासणी दिवस ठेवावा आणि सभासदांनी हा रकाना आपापल्या केसपेपरवर छापून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.